विकावयाचे घर कसे दाखवावे?

पौषी पौर्णिमेस म्हसा येथे खांबलिंगेश्वराची जत्रा भरते, हे ठाणे जिल्ह्याकडील वाचकांस सांगावयास नको. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव एरवी निवांत असते. परंतु जत्रेच्या दिवसांत तेथे घोंगड्यांच्या राशी पडतात, मिठाईची दुकाने लागतात, आणि बैलांचा मोठा बाजार भरतो. विकावयास आणलेल्या बैलांची शिंगे रंगविलेली, गळ्यांत घुंगरमाळा, पाठीवर झुली. लहानपणी आम्ही मुले झूल पाहून बैलाची किंमत ठरवीत असू. ज्यास बैल खरोखरच घ्यावयाचा असे तो शेतकरी मात्र झुलीकडे ढुंकूनही पाहत नसे. तो बैलाचे तोंड उघडून दात पाही, खुरांवरून हात फिरवी, चार पावले चालवून पाही. आणि शेवटी विकणाऱ्यास सांगे, ‘झूल उतरव.’ त्या वेळी विकणाऱ्याचा चेहरा जसा होई, त्यावर निम्मा व्यवहार ठरे.

ह्या महिन्यात वडिलोपार्जित घर विकावयास काढणाऱ्या कुटुंबांस चार व्यवहारोपयोगी गोष्टी सांगावयाच्या आहेत, आणि त्या सांगताना हा बैलबाजार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. कारण घर विकताना आम्हीही प्रथम झूलच चढविली होती.

मुरबाड-शहापूरकडील आपल्या अनेक कुटुंबांची हकीकत थोड्याफार फरकाने एकसारखी आहे. १९४८ च्या कुळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ ह्या कृषकदिनी कसणारा तो मालक ठरला, आणि बहुतेक जमिनी त्या कसणाऱ्यांकडे गेल्या. ते न्यायाचेच झाले. गावात राहिले ते घर. मुले नोकऱ्यांसाठी कल्याण, डोंबिवली, पुणे येथे गेली. नातवंडे त्याहूनही दूर गेली. घर गणपतीत आणि जत्रेत उघडावयाचे, एरवी कुलूप. कौले शाकारणारा मनुष्य मिळेनासा झाला, वाळवीने वासे धरले, आणि एके दिवशी कोणीतरी म्हणाले, ‘आता हे विकलेले बरे.’ असे म्हणण्यात पाप नाही. न वापरलेले घर कोसळून पडण्यापेक्षा ज्याला त्यात राहावयाचे आहे त्याच्या हाती जाणे केव्हाही चांगले. प्रश्न आहे तो विकावे कसे, एवढाच.

आमचे घर गावठाणात होते. दगडी जोते, पुढे ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी, परसात विहीर. वर मंगलोरी कौले. आजोबा १९७८ साली वारले, आजी त्यानंतर दहा वर्षांनी. त्यांस तीन पुत्र व एक कन्या. कन्या सर्वांत थोरली. भाऊ तिला अक्का म्हणत, आम्ही आत्या म्हणत असू. थोरले काका पूर्वीच निवर्तले होते; मधल्या काकांस आम्ही अण्णा म्हणतो; धाकटे ते आमचे वडील. २०२२ साली सर्वांच्या विचाराने घर विकावयाचे ठरले. ‘सर्वांच्या’ हा शब्द तेव्हा आम्ही ज्या अर्थाने वापरला त्याच अर्थाने येथे लिहिला आहे. त्यात आत्या नव्हती.

आजकाल विकावयाचे घर सजवून दाखविण्याचे शास्त्रच झाले आहे. अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात हा स्वतंत्र धंदा म्हणून उभा राहिला. तेथे घर विकले जाईपर्यंत सोफे, चित्रे, दिवे भाड्याने आणून मांडतात आणि सौदा झाला की परत नेतात. माझ्या चुलतभावाने त्याविषयी कोठेसे वाचले होते. त्याप्रमाणे आम्ही माजघराच्या भिंतींस कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, वर फिकट पिवळा रंग दिला, ओटीवर कुंड्या मांडल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या. न्हाणीघराकडील भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तो रंगातूनही वर येऊ लागला, तेव्हा त्यापुढे जुने कपाट सरकविले. ह्या साऱ्यास दीड लाख रुपये लागले, आणि घर खरोखरच छान दिसू लागले.

श्रावणात डोंबिवलीचे एक सेवानिवृत्त अभियंते पत्नीसह घर पाहावयास आले. त्यांनी कुंड्यांकडे पाहिलेही नाही. भिंतीवर तळहात ठेवून ते क्षणभर उभे राहिले. त्यांची पत्नी देवघराच्या उंबऱ्याशी थांबली आणि तिने अण्णांस सहज विचारले, “ह्या घरच्या मुली किती?”

“एक. आमची थोरली बहीण.”

“त्यांचे हक्कसोडपत्र झाले आहे का?”

“होईल. ती काही नाही म्हणावयाची नाही,” अण्णा म्हणाले.

बाई काही बोलल्या नाहीत. तेवढ्यात अभियंत्यांनी कपाट जरा बाजूस सरकविण्याची विनंती केली. मागे परातीएवढा काळा डाग होता. उभयतांनी चहा घेतला, घराची वाखाणणी केली, ‘कळवितो’ म्हणाले आणि गेले. कळविले नाही. त्यांस दोष देण्यास जागा नाही. झूल उतरविताना आमचा चेहरा त्यांनी पाहिला होता.

त्यानंतर मी व वडील हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन नाशिकला आत्याकडे गेलो. ती तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांची होती. तिने चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि घडी करून वडिलांच्या हाती दिला. “तुम्ही मला विचारावयास आला नाहीत, सही न्यावयास आलात,” ती म्हणाली. “हक्क सोडला तर माझ्या मनाने सोडीन, तुमच्या सोयीने नाही. आणि मला तो सोडावयाचा नाही. माझी धाकटी एकटी आहे, भाड्याच्या जागेत राहते. माझ्या वडिलांच्या घरातले तिला काही मिळावे, एवढीच माझी इच्छा आहे.”

अण्णांस राग आला. अक्काच्या लग्नात वडिलांनी काय काय दिले ह्याचा पाढा ते दोन दिवस वाचत होते. शेवटी वकिलांकडे गेलो, आणि तेथे जे कळले ते प्रत्येक घरातील कर्त्या मनुष्यास ठाऊक असलेच पाहिजे, म्हणून येथे सविस्तर देतो.

हिंदू वारसा कायदा १९५६ चा. त्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ‘वडील २००५ पूर्वीच वारले असतील तर काय?’ ह्या प्रश्नावर पुष्कळ वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा ह्या खटल्यात मिटविला. हक्क जन्माने येतो, त्या दिवशी पिता हयात असण्याची आवश्यकता नाही, असा तो निर्णय आहे. अपवाद आहे तो २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्यांचा व विक्रींचा. ‘आमची तोंडी वाटणी झाली होती’ हे म्हणणे सबळ सरकारी कागदपत्रांवाचून सहसा टिकत नाही. राहत्या घराची वाटणी मागण्यास मुलींस पूर्वी जी आडकाठी होती, तीही २००५ मध्येच काढून टाकण्यात आली. लग्नातील खर्च हा वारशाचा मोबदला होत नाही, हे तर वेगळे सांगावयास नको. तात्पर्य, आमच्या घराचे हिस्से चार होते, तीन नव्हते.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच नाशिकला दूरध्वनी केला. “अक्का, घर पुन्हा दाखवावयाचे आहे. तू चार दिवस येऊन राहशील का?” एवढेच ते बोलले. ती आली. आल्या दिवशी सायंकाळी तिने न्हाणीघराकडील तो डाग पाहिला आणि वर बोट दाखविले. “ह्या भिंतीवर दोन पाखी मिळतात. तेथल्या पन्हळीत पाला साठतो. दादा दर वैशाखात स्वतः शिडी लावून तो काढीत.” गवंड्याने दुसऱ्या दिवशी वर चढून पाहिले, तो पन्हळ फुटलेली आणि तिच्यात मूठमूठ पाला. पन्हळ बदलण्यास व चाळीस-पन्नास कौले नवी घालण्यास जो खर्च आला, तो आमच्या रंगाच्या खर्चापुढे काहीच नव्हता. त्या घराची सर्वांत अधिक माहिती ज्या व्यक्तीस होती, तिलाच आम्ही विचारले नव्हते.

ह्या अनुभवावरून मी एक क्रम ठरविला आहे, आणि तो वाचकांनी जसाच्या तसा पाळावा अशी माझी शिफारस आहे. प्रथम माणसे, मग कागद, मग छप्पर, आणि सर्वांशेवटी रंग. बहुतेक घरी हा क्रम उलटा असतो.

माणसांविषयी आणखी दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. वारसांपैकी एखाद्यास आपला हिस्सा विकावयाचा असेल, तर वारसा कायद्याच्या २२ व्या कलमाप्रमाणे तो घेण्याचा अग्रहक्क बऱ्याच प्रसंगी इतर वारसांस मिळतो. म्हणून बाहेर बोलण्यापूर्वी घरात बोलावे. दुसरी गोष्ट, घाईने एखाद्या भावाने आपला अविभक्त हिस्सा परक्यास विकलाच, तरी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमाप्रमाणे त्या परक्यास कुटुंबाच्या राहत्या घरात एकत्र ताबा मागता येत नाही. आणि त्याने वाटणीचा दावा लावल्यास १८९३ च्या वाटणी कायद्याने कुटुंबीयांस त्याचा हिस्सा योग्य किमतीस विकत घेता येतो. शहाणा गिऱ्हाईक असा हिस्सा घेतच नाही. जो घेतो तो बहुधा भांडण विकत घेऊन स्वस्तात घर मिळविणारा असतो. ज्या वारसास खरोखरच स्वखुशीने हक्क सोडावयाचा असेल, त्याचे हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे. जवळच्या नातलगांमध्ये वडिलोपार्जित मिळकतीपुरता त्याचा मुद्रांक नाममात्र असतो. साध्या कागदावरील ‘माझी हरकत नाही’ ह्या ओळीस फारसा अर्थ नाही.

आता कागद. गावठाणातील घरास बहुधा सातबारा नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीची आकारणी. तीत ज्याचे नाव तो मालक, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. पट्टी कोणी भरावी हे त्यावरून कळते, मालकी सिद्ध होत नाही. सातबाऱ्यावरील फेरफाराचीही गोष्ट तीच. २४ एप्रिल २०२० पासून केंद्र सरकारच्या स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी होऊन मिळकत पत्रिका व सनदा देण्यात येऊ लागल्या आहेत. आपल्या गावी ती मोजणी झाली आहे किंवा कसे, हे तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन विचारावे. झाली असल्यास पत्रिकेवर सर्व वारसांची नावे आणि क्षेत्र बरोबर लागले आहे ना, हे गिऱ्हाईक येण्यापूर्वी तपासावे. विहीर सामाईक आहे काय, परसातून शेजाऱ्याची वहिवाट आहे काय, पागोळ्यांचे पाणी कोणाच्या हद्दीत पडते, ह्या गोष्टी चतुःसीमेबरोबरच लिहून काढाव्यात. घरपट्टी, पाणीपट्टी व विजेचे देयक चुकते करून पावत्या एका जागी ठेवाव्यात.

घराबरोबर शेतजमीनही असेल तर अधिक सावध राहावे. कुळकायद्याच्या ६३ व्या कलमाप्रमाणे शेतकरी नसलेल्यास परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईचा गिऱ्हाईक कितीही पैसेवाला असला तरी हा प्रश्न त्यास प्रथमच विचारावा. शहापूर व मुरबाड ह्या तालुक्यांत आदिवासी बांधवांच्या जमिनी पुष्कळ आहेत. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे अशी जमीन शासनाच्या मंजुरीवाचून बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘मुखत्यारपत्रावर करून टाकू’ असे सांगणारे मध्यस्थ भेटतात. त्यांस नमस्कार करावा. मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत हा केवळ पुढे खरेदीखत करण्याचा करार होय.

ह्यानंतर छप्पर. आपल्याकडील पावसात घराचे आयुष्य भिंतींवर नसून कौलांवर असते. प्रत्येक खोलीत मध्यान्ही दारे लावून वर पाहावे. जेथून उजेडाचा कवडसा येतो तेथून पाणीही येते. वाशांवर बोटाने टिचकी मारावी. पोकळ आवाज आला तर आत वाळवी आहे असे समजावे. पन्हळी साफ कराव्यात, आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर जाईल असा उतार काढावा. हे सर्व झाल्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. एवढा धीर नसेल तर निदान दोन-तीन मोठ्या सरी तरी जाऊ द्याव्यात.

आणि रंग देताना आमची चूक करू नये. जुन्या मातीच्या वा चुन्याच्या भिंती ओल शोषून पुन्हा हवेस देतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा तेलाचा रंग चढविला की आतली ओल आतच कोंडते, भिंत फुगते आणि काही काळाने पोपडे सुटतात. अशा भिंतीस चुन्याची सफेदी हाच उत्तम उपाय. ती स्वस्त आहे, आणि माजघरासारख्या अंधाऱ्या खोलीत तिच्याइतका उजेड दुसरा कोणताही रंग देत नाही.

आता घर दाखविण्याकडे येऊ. त्यास पैसा थोडा लागतो, श्रम पुष्कळ. घर दाखविण्यापूर्वी आठ दिवस कोणीतरी तेथे जाऊन राहावे. बंद घरास एक कुबट वास येतो; तो उदबत्तीने जात नाही, उघड्या खिडक्यांनी आणि चुलीच्या धगीने जातो. माळ्यावरची अडगळ, फुटकी पिंपे, जुन्या गाद्या काढून टाकाव्यात. रिकामी खोली मोठी दिसते, आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाईकास भिंती दिसतात. शहाबादी फरशी घासून धुवावी. जमीन मातीची असल्यास आदल्या दिवशी सारवावी. विहिरीतील पाला काढावा आणि पाणी शेंदून दाखवावे. संडास व न्हाणीघर ह्यांकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो, आणि पाहावयास आलेली गृहिणी तेच सर्वांत आधी पाहते. प्रत्येक खोलीतील दिवा लागतो ना, हे पाहावे.

अडगळ काढताना मात्र एक सावधगिरी घ्यावी. जुन्या पेटीतील मोडी चोपड्या व रुमाल रद्दीत घालू नयेत. त्यांत आपल्याच मिळकतीचे एखादे खत असण्याचा संभव असतो. नसल्यास गावाचा इतिहास तरी असतोच. पुण्यास १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी असल्या दप्तरांतूनच इतिहास उभा केला. मोडी जाणणाऱ्याकडून ती वाचून घ्यावीत. देवघरातील टाक व कुळाचार कोणाकडे जावयाचे, हेही घर दाखविण्यापूर्वी ठरावे. गिऱ्हाईकासमोर हा विषय निघाला म्हणजे भावाभावांतील जुनी उणी-दुणी ओटीवर येतात.

घर दाखविताना एकानेच बोलावे. इतरांनी चहा द्यावा. पाहणाऱ्यांस थोडा वेळ एकटे हिंडू द्यावे. शेजाऱ्यांस विकण्याचा विचार आधी आपण होऊन सांगावा. कित्येकदा तोच सर्वांत चांगला गिऱ्हाईक निघतो, आणि तो नसला तरी गिऱ्हाईक घराची चौकशी त्याच्याकडेच करणार आहे. आणि जे वैगुण्य आपणांस ठाऊक आहे, ते आपण होऊन दाखवावे. हा केवळ नीतिपाठ नव्हे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ५५ वे कलम सांगते की, विकणाऱ्यास ठाऊक असलेला आणि घेणाऱ्यास साधारण काळजीने न कळणारा मोठा दोष, मग तो घराचा असो वा मालकीहक्काचा, विकणाऱ्याने उघड केलाच पाहिजे. तसे न करणे ही फसवणूक ठरते. कपाटामागील डाग आणि हक्कसोड न दिलेली बहीण, हे दोन्ही दोष एकाच कलमात बसतात, हे आम्हांस पुष्कळ उशिरा उमगले.

किमतीविषयी थोडेच लिहितो. सरकारचे वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते हे मुद्रांकासाठी असतात. प्रत्यक्ष किंमत त्याहून अधिक वा उणी असू शकते. गावात नुकत्याच झालेल्या खरेदीखतांची सूची नोंदणी कार्यालयात पाहावयास मिळते. तिच्यावरून अंदाज बांधावा. आपल्याकडे भविष्यकाळावर किंमत सांगण्याची खोड आहे. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा वर्षानुवर्षे चालली आहे, आणि तिच्या नावावर गावोगाव भाव सांगितले जातात. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचा उपयोग शहापूरच्या बाजूस आहे, म्हशाच्या गावठाणातील ओटीस तेवढ्याने सोन्याचा भाव येत नाही. घर आज जसे आहे आणि जेथे आहे, त्याचीच किंमत सांगावी.

पैसे पूर्णपणे बँकेतून घ्यावेत. स्थावराच्या व्यवहारात वीस हजार रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास १ जून २०१५ पासून प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे. ‘थोडे वरचे’ घेण्याचा मोह एका वारसास झाला तरी त्याचा जाब सर्वांस द्यावा लागतो; शिवाय वरच्या पैशांची वाटणी कोणत्याच कागदावर नसते, आणि पुढील वीस वर्षांचे मनोमालिन्य तेथूनच सुरू होते. घर फार जुने असल्यास १ एप्रिल २००१ रोजीचे त्याचे मूल्य अधिकृत मूल्यनिर्धारकाकडून काढून घ्यावे. भांडवली नफ्यावरील कराची आकारणी करताना ते उपयोगी पडते.

आमच्या घराचे पुढे काय झाले ते सांगून हा लेख संपवितो. कार्तिकात आम्ही त्याच अभियंत्यांस पत्र लिहिले. त्यात डागाचे कारण, केलेली दुरुस्ती, न केलेली दुरुस्ती, आणि चार हिश्शांच्या वारसांची नावे, एवढेच होते. ते पुन्हा आले. कुंड्या व दिव्यांच्या माळा आम्ही काढून टाकल्या होत्या. आत्याने त्यांच्या पत्नीस घर दाखविले. कोणत्या खिडकीतून पहाटेचा वारा येतो, विहिरीचे पाणी चैत्रात किती खाली जाते, पडवीच्या कोणत्या कोपऱ्यात पावसाळ्यात विंचू निघतात, हे सारे सांगितले. विंचवाचे ऐकून अण्णांनी कपाळास हात लावला. सौदा त्याच दिवशी ठरला. आम्ही श्रावणात सांगितलेल्या किमतीपेक्षा तो कमी होता, आणि चार हिस्से झाल्याने प्रत्येकाच्या वाट्यास आणखी कमी आले. हे लपविण्यात अर्थ नाही. न्यायाने वागल्यास पैसे अधिक मिळतात, असे मी कोणास सांगणार नाही.

नोंदणीच्या दिवशी मुरबाडास सर्व जमलो. यंत्रावर अंगठा टेकवावयाचा असतो. आत्याचा अंगठा वयाने झिजलेला, त्यामुळे ठसा उमटेना. लेखनिकाने दोनदा प्रयत्न केला. तेव्हा अण्णा उठले, खिशातला रुमाल काढून त्यांनी तिचा अंगठा सावकाश पुसला, आणि तो आपल्या हातात धरून यंत्रावर ठेवला. तिसऱ्या वेळी ठसा उमटला.